कांद्याच्या भावात सरकारचा हात: सरकारनं नेमकं कुठवर यावं?

चाळकरी_निफाड
(धागाकर्ता, रविवार रात्र)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं हा विषय मनात घेऊन फिरतोय. आज लिहितोच.

८ डिसेंबर २०२३, शुक्रवार. माझा ट्रॅक्टर बाजार समितीच्या आवारात रांगेत होता. लाल कांदा, पहाटे बायका लावून भरलेला. लिलाव सुरू व्हायच्या आधीच मोबाइलवर बातमी आली की केंद्रानं निर्यात बंद केली, ३१ मार्चपर्यंत. व्यापारी ओट्यावरून खाली उतरले. लिलाव थांबले. चांदवडला लोकांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला, मी पण तिकडं गेलो. संध्याकाळी कांदा तसाच परत आणला.

शहरातल्या वाचकांसाठी एक सांगतो. उन्हाळ कांदा आम्ही चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, चार-पाच महिने ठेवू शकतो, भाव नसला तर थांबू शकतो. लाल कांद्याचं तसं नाही. त्यात पाणी जास्त असतं. काढला, पात कापली, की काही दिवसांत विकायचाच, नाहीतर सडतो. म्हणजे डिसेंबरात बंदी घालायची तर ज्याला थांबता येत नाही त्याच्यावरच घालायची. पुढच्या दोन आठवड्यांत भाव जवळजवळ अर्ध्यावर आले. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून. ते शुल्क शून्यावर यायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

मी कुठला गुन्हा केला होता? कुणाचा कांदा चोरला नव्हता, कुणाला फसवलं नव्हतं. दुबईत किंवा कोलंबोत एक माणूस माझा कांदा एका भावानं घ्यायला तयार होता, मी द्यायला तयार होतो. मधे सरकार आलं आणि म्हणालं, नाही. जो फरक पडला तो माझ्या खिशातून गेला. त्याला कर म्हणत नाहीत, त्याची पावती मिळत नाही, त्याविरुद्ध अपील नाही.

आणि हे एका सरकारचं नाही. अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ चा. १९७६ मध्ये तो घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकला, म्हणजे मूलभूत हक्कांच्या नावानं कोर्टात आव्हान देणंच अवघड करून ठेवलं. जून २०२० मध्ये अध्यादेश काढून कांदा त्या कायद्यातून जवळपास बाहेर काढला तेव्हा माझ्या वडिलांनी पेढे वाटले होते. १५ सप्टेंबरला लोकसभेत ती दुरुस्ती मंजूर झाली. त्याच्या आदल्या दिवशी, १४ सप्टेंबरला, निर्यातबंदी! ऑक्टोबरात साठ्यावर मर्यादा: ठोक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळला २ टन. व्यापाऱ्याला माल ठेवताच येत नसेल तर तो लिलावात बोली कशाला वाढवेल? पुढं २०२१ च्या नोव्हेंबरात ही दुरुस्ती धरून तिन्ही कृषी कायदेच मागं घेतले.

वडील १९८० च्या कांदा आंदोलनातले, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचे लाल बिल्लेवाले. आमच्या घरात जोशींचा फोटो देवघराशेजारी आहे. ‘सरकार समस्या क्या सुलझाए, सरकार खुद समस्या है’ हे वाक्य मी अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ केलंय. जोशी स्वतःच्या विचाराला स्वतंत्रतावाद म्हणत. वडिलांच्या मते सरकारची कामं मोजकी. चोराला पकडावं, तंटा सोडवावा, सीमा राखावी. बाकी माणसं आपापलं बघतात.

माझंही मत बहुतेक तेच. पण सरकार कुठं नको ते मला नीट सांगता येतं. कुठं हवं ते सांगताना मी अडखळतो. म्हणून धागा. मनापासून लिहा, पक्षाचं राजकारण आणू नका.

---

गिरगावची

दादा, वाचून वाईट वाटलं. पण माझी बाजूही ऐका. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी चार घरं करतात. कांदा ८० रुपये झाला की त्या पावशेर घेतात आणि भाजीत नुसतं तिखट-मीठ घालतात. १९९८ मध्ये दिल्लीतलं सरकार कांद्यानं पडलं असं म्हणतात, ते उगीच नाही. लोक सरकारला विचारतात, कारण दुसरं कुणाला विचारणार? तुम्ही म्हणता सरकारनं हात घालू नये. मग मावशींनी काय करायचं?

---

चाळकरी_निफाड

ताई, मावशींना मदत जरूर व्हावी. ती मावशींच्या हातात द्या, सगळ्या देशाच्या करातून द्या. तिचा सगळा खर्च एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून का? फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे हमाली-तोलाई-भाडं वजा जाता २ रुपये हाती आले होते, पेपरात आलं होतं. त्या दिवशी शहरानं आम्हाला काही द्यावं असं आम्ही म्हटलं नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही आमची घोषणा. पडलेला भाव आम्ही सोसायचा, चढलेला मात्र सरकार खाली ओढणार, हे मला पटत नाही.

---

जुना_पुरवठावाला

मी पुरवठा खात्यात ३१ वर्षं होतो. निवृत्त होऊन बराच काळ झाला. धागाकर्त्याच्या वयाचा माझा मुलगा आहे, म्हणून ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस.

तुझं अर्धं म्हणणं मी आतून पाहिलंय. १९५५ चा कायदा साठेबाजाला धरण्यासाठी आहे असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. प्रत्यक्षात आम्ही कुणाला धरत होतो? भावफलकावर आजची तारीख लिहिली नाही म्हणून तालुक्याच्या गावचा किराणावाला. साठा रजिस्टर आणि गोदामातली पोती यांत चार पोत्यांचा फरक म्हणून डाळवाला. हिशेब लिहिणारा मुलगा आजारी होता एवढंच कारण. मी स्वतः अशा एका माणसावर कलम ७ खाली गुन्हा नोंदवला आहे. तो आठ वर्षं तारखांना येत होता, शेवटी सुटला. दुकान तोवर बंद पडलं. खरा मोठा साठा ज्यांच्याकडे असे त्यांना धाडीची खबर आमच्या आधी लागायची. ज्या कायद्यात अधिकाऱ्याला कुणालाही धरता येतं, त्या कायद्यात शेवटी ज्याच्यामागं कुणी नाही तोच धरला जातो. मी हे ३१ वर्षं पाहिलं.

आता उरलेलं अर्धं.

१९७२ ला मी चौदा वर्षांचा होतो, बीड जिल्ह्यात. विहिरींनी तळ दाखवला होता. आमची चार एकर कोरडवाहू, तिच्यात दाणा नाही. वडिलांनी बैल विकले. विकले म्हणजे काय, दिले. गावातल्या सावकाराच्या कोठारात ज्वारी होती, ती त्यानं आम्हाला लुटून नेली नव्हती, ती त्याचीच होती. बाजारही सुरू होता. आमच्याकडे पैसाच नव्हता. मग सरकारनं दुष्काळी कामं काढली. आई-वडील आणि मी खडी फोडायला. तीन रुपयांच्या आसपास हजेरी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, आणि लहानग्यांना सुकडी. त्या सुकडीची चव मला आजही आठवते. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. लोक खंगले, जनावरं गेली, पण माणसं भुकेनं पटापटा मेली नाहीत. वि. स. पाग्यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्यातूनच पुढं कायदा झाली, १९७७ चा कायदा. त्यासाठी पैसा उभा केला तो १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे बराचसा मुंबईच्या पगारदाराच्या खिशातून. त्या माणसानं मला कधी पाहिलंही नव्हतं.

तुझ्या वडिलांच्या यादीत चोर, तंटा आणि सीमा आहे. त्या यादीच्या सरकारात मी चौदाव्या वर्षी जगलो असतो की नाही, मला खात्री नाही. हे मी तुला हरवायला लिहीत नाही, बाळ. मला खरंच उत्तर हवंय.

---

सान_होजेकर

काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं. तरी माझी शंका मांडतो.

मी पंचवीस वर्षं अमेरिकेत आहे आणि इथल्या अर्थानं स्वतंत्रतावादी आहे. माझ्या शहरात कित्येक दशकं बहुतेक जमिनीवर एका प्लॉटवर एकच घर, असा नियम होता. शिक्षक, नर्स, अग्निशमन दलातली माणसं दोन-दोन तास गाडी चालवून कामाला येतात, कारण घर बांधायलाच बंदी. गरिबाला मारणारा हात बहुतेक वेळा बाजाराचा नसतो, परवान्याचा असतो, हे मी रोज पाहतो.

१९७२ चंही तसंच नाही का? १९६० च्या दशकापासून सरकार धान्याची सक्तीची वसुली करत होतं, जिल्ह्याबाहेर धान्य न्यायला बंदी होती. शेतकऱ्याच्या हाती चांगल्या वर्षी चार पैसे राहू दिले असते तर वाईट वर्षी त्याला खडी फोडावी लागली नसती. आधी खिसा कापायचा आणि मग त्याच माणसाला हजेरी द्यायची, असं झालं.

माझ्या मते कसोटी साधी आहे: दुसऱ्याच्या अंगाला किंवा मालाला जोर-जबरदस्तीनं हात लावायचा नाही. सरकारनंही नाही. ज्यानं तो लावला नाही त्याला मोकळं सोडा.

---

जुना_पुरवठावाला

वसुलीबद्दल तुमचं बरोबर आहे, लेव्हीची पोती मी मोजलेली आहेत. पण पाऊस सरकारनं पाडायचा थांबवला नव्हता.

---

तळ्याकाठची

सान होजेकर, तुमच्या कसोटीवर मला बोलायचंय. मी महाडची. आता पनवेलला असते.

चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे, पण त्याची कागदपत्रं थोड्यांना. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकार वाटेतून दूर झालं होतं. कायद्यानं कुणाला अडवलेलं नव्हतं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आमच्या माणसांनी तिथं ओंजळ भरली नाही. भरली त्या दिवशी डोकी फुटली. मग १०८ घागरींनी तळं ‘शुद्ध’ केलं.

त्याच्या पुढचं तुमच्यासाठी. डोकी फोडणं तुमच्याही कसोटीत गुन्हाच. पण त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि त्यांचा दावा काय होता? की हे तळं खाजगी मालमत्ता आहे! मनाई हुकूम मिळालाही. उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूनं लागला तो १९३७ मध्ये, कारण तळं नगरपालिकेचं ठरलं होतं आणि आम्हाला अडवण्याची अनादी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. उद्या तळं खरंच चार घरांच्या मालकीचं निघालं असतं तर? तुमच्या कसोटीनं त्यांनी आम्हाला पाणी नाकारणं हा त्यांचा हक्क ठरतो.

आणि ही जुनी गोष्ट नाही. माझ्या मावशीचं घर गावकीनं वाळीत टाकलं होतं. रायगडात हे पुष्कळ चालतं. मावसभावानं गावकीच्या विरोधात पोलिसांत जबाब दिला एवढंच कारण. कुणी हात लावला नाही. कुणी चोरी केली नाही. दुकानदारानं साखर दिली नाही, चक्कीवाल्यानं दळण घेतलं नाही, रिक्षावाला थांबला नाही, मयताला खांदा द्यायला कुणी आलं नाही. प्रत्येक माणूस तुमच्या नियमात बसत होता. प्रत्येकाला वाटेल त्याला माल विकण्याचं स्वातंत्र्य होतं. त्या सगळ्या स्वातंत्र्यांची बेरीज म्हणजे माझी मावशी दीड वर्ष दुसऱ्या गावाहून पीठ आणत होती.

२०१६ मध्ये राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. तो लागू झाल्यावर गावकीच्या एका बैठकीत बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यानं कायदा नुसता वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी चक्कीवाल्यानं डबा ठेवून घेतला. मावशी रडली. चक्कीवालाही रडला. त्यालाही द्यायचं होतं, पण दिलं असतं तर तो वाळीत पडला असता.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये हे लिहून ठेवलंय, की सरकार मागं हटलं की जे स्वातंत्र्य मिळतं ते कुणाला मिळतं हे विचारा. जमीनदाराला खंड वाढवायचं, मालकाला कामाचे तास वाढवायचं स्वातंत्र्य मिळतं. शब्द माझे, आशय त्यांचा.

---

सान_होजेकर

ताई, मी एक दिवस थांबून उत्तर लिहितोय. घाईत लिहायचं नव्हतं.

इथंही हाच प्रश्न १९६४ मध्ये आला होता. नागरी हक्क कायद्यानं हॉटेल, खानावळी, थिएटर अशा खाजगी धंद्यांनाही वंशावरून माणूस नाकारायला बंदी केली. सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी विरोधात मत दिलं. ते वर्णद्वेष्टे नव्हते, १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क कायद्यांना त्यांनी पाठिंबा दिला होता. त्यांचं म्हणणं, खाजगी मालकानं कुणाला दारात घ्यावं हे सरकारनं ठरवू नये. मी कैक वर्षं त्यांची बाजू मांडत आलो. माझं एक भक्कम उत्तर असे: दक्षिणेतला भेदभाव मुळात कायद्यानं लादलेला होता. ज्या लुइझियानातल्या रेल्वे डब्याच्या खटल्यावर १८९६ चा, वंशावरून वेगळे डबे कायदेशीर ठरवणारा कुप्रसिद्ध निकाल लागला, तिथं रेल्वे कंपनीलाच वेगळे डबे नको होते, खर्च वाढत होता. सरकारनं सक्ती केली नसती तर बाजारानं ती भिंत पाडली असती, असं मी म्हणायचो.

महाडला मात्र सक्तीचा कायदा नव्हता, उलट मोकळीक देणारा होता. आणि तुमच्या चक्कीवाल्याला पैसे मिळत असूनही तो दळण घेऊ शकत नव्हता. यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. हे लिहायला जड जातंय, पण खरं ते खरं.

---

वऱ्हाडी_कपाशी

मी अकोला जिल्ह्यातला. ताईंचं सगळं मान्य. पण सरकारला एकदा घरात घेतलं की ते ओसरीवर थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

१९७२ पासून आमच्याकडं कापूस एकाधिकार होता. कापूस सरकारलाच विकायचा, भाव सरकार म्हणेल तो, चुकारे तीन-तीन हप्त्यांत. राज्याबाहेर कापूस नेला तर गुन्हेगार. माझा आजा स्वतःच्या शेतातला कापूस रात्री बैलगाडीनं मध्य प्रदेशच्या हद्दीत नेताना पकडला गेला. स्वतःच्या मालाचा चोर! शेतकऱ्याच्या भल्यासाठीच ती योजना आणली होती, आणणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही.

मग बियाणं. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी तणनाशकाला दाद न देणारी, परवानगी नसलेली कपाशी उघडपणे लावली. मी तिथं होतो. निंदणाला बाया मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही. मी माझ्या शेतात काय लावावं यासाठी तेव्हा मला पाच वर्षांची कैद होऊ शकत होती. चोरून तेच बियाणं सगळीकडं विकलं जातं, फक्त पावती नाही आणि फसलं तर दाद नाही.

आणि बैल. २०१५ पासून गोऱ्हा, बैल कापायला राज्यात बंदी. श्रद्धेचा मान मी ठेवतो, माझी आई गायीला नैवेद्य दाखवल्याशिवाय जेवत नाही. पण म्हातारा बैल आधी पंधरा-वीस हजाराला जायचा, त्यात थोडे घालून नवा यायचा. आता घेणारा कुणी नाही. लोक रात्री सोडून देतात, ते दुसऱ्याच्या तुरीत शिरतात. मी दोन वर्षांपूर्वी बैलजोडीच मोडली.

---

सदाशिवपेठी_वाचक

थोडा इतिहास, कारण हा वाद मराठीत नवा नाही.

१८९१. संमतिवयाचा कायदा. मुलीशी, मग ती विवाहित का असेना, शरीरसंबंधाचं किमान वय १० वरून १२ करायचं, एवढीच दुरुस्ती. टिळकांनी विरोध केला. बालविवाह चांगला असं त्यांचं म्हणणं नव्हतं. परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घेऊन शिरू नये, समाज स्वतः सुधारेल, हा मुद्दा होता. आज ज्याला सरकारची मर्यादा म्हणतो तीच ती. समोर आगरकर. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेला माणूस, व्यक्तिस्वातंत्र्यावर महाराष्ट्रात त्यांच्याइतकं पोटतिडकीनं कुणी लिहिलं नसेल. सरकार लहान असावं हे शिकवणाऱ्या स्पेन्सरच्या या वाचकानं ‘सुधारका’तून कायद्याची बाजू घेतली. कारण आगरकरांना घरातली ती दहा वर्षांची मुलगीही ‘व्यक्ती’ म्हणून दिसत होती. टिळकांच्या हिशेबात स्वातंत्र्य समाजाचं होतं.

पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानड्यांनी डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं आणि सांगितलं, की इंग्लंडातलं ‘सरकारनं बाजूला राहावं’ हे अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसंच्या तसं लागू होत नाही.

माझा कौल आगरकरांच्या बाजूनं आहे. स्वातंत्र्य कुणाचं मोजायचं? घरप्रमुखाचं, गावकीचं, जातीचं, की एकेका माणसाचं? एकेका माणसाचं मोजलं तर तळ्याकाठच्या ताईंची मावशी आणि निफाडचा कांदेवाला एकाच बाजूला येतात. गावकीचं मोजलं की मावशी बाहेर पडते. ‘देशाचं हित’ मोजलं की कांदेवाला बाहेर पडतो.

---

गिरगावची

शेवटचा परिच्छेद फार पटला. मावशींना कांद्याचं काय ते अजून कुणी सांगितलं नाही, पण मी वाचतेय.

---

चाळकरी_निफाड

गेले तीन दिवस कामातून उठून रात्री वाचत होतो. जुने काका, तुमचा प्रतिसाद मी वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते ७६ वर्षांचे आहेत. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या शिवारातून लासलगावकडं जायला जो कच्चा रस्ता होता, तो बहात्तरच्या दुष्काळात झाला, आणि त्यावर त्यांनी स्वतः दोन महिने मुरूम टाकला होता. मला हे आजवर माहीत नव्हतं. ज्या रस्त्यानं ट्रॅक्टर नेतो तो.

सदाशिवपेठी म्हणतात ते मला माझ्या भाषेत असं दिसतं. निर्यातबंदीत माझं काय गेलं? भाव गेला हे खरं, पण त्याआधी वाट गेली. मला दुसरीकडं जायला वाव राहिला नाही. एकाधिकारात वऱ्हाडीभाऊंच्या आजोबांची वाट गेली. वाळीत टाकलेल्या मावशींचीही वाटच गेली, फक्त ती सरकारनं न अडवता शेजाऱ्यांनी अडवली. दुष्काळात काकांच्या घरापुढं एकही वाट नव्हती. जिथं माणसाच्या सगळ्या वाटा बंद होतात तिथं एक उघडून देणं, हे सरकारचं काम मी आता मानतो. वडिलांच्या यादीत ते नव्हतं. उघडी वाट बंद करणं मात्र सरकारचं काम नाही, कितीही चांगल्या हेतूनं असो.

गिरगावच्या ताई, मावशींच्या वाटेसाठी माझ्या करातले पैसे जावेत, माझी ना नाही. माझा कांदा बंदरावर अडवून नको.

एक भर घालतो. सगळं कायद्यानंच होतं असं नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन झालं, आणि त्यानंतर काही वर्षांत जोशींनी लक्ष्मीमुक्ती सुरू केली: नवऱ्यानं राजीखुशीनं थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. कायदा नाही, सक्ती नाही. माझ्या आजीच्या नावाचा सातबारा तेव्हाचा आहे. ती तो कागद कापडात गुंडाळून ठेवायची.

---

राळेगावची

चाळकरी दादा, तुमच्या आजीचं वाचून बरं वाटलं. माझं उलटं आहे. राज्यानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा दिला, केंद्रानं २००५ मध्ये. कायदा आहे. पण वडील गेल्यावर तेराव्याच्या आतच भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं. मी सही केली, कारण माहेर तुटलं असतं. कुणी जबरदस्ती केली नाही. म्हणजे राजीखुशीनं झालं म्हणायचं का? तुमच्या आजोबांसारखा माणूस निघाला तर कायदा लागत नाही, आणि माझ्या भावासारखा निघाला तर कायदा पुरत नाही.

---

पाणलोट_नगर

‘वाट’ हा शब्द आवडला, पण एक ठिकाण असं आहे जिथं तो मला पुरत नाही. पाणी.

माझ्या रानात मी तीनशे फूट बोअर मारला आणि शेजाऱ्यानं पाचशे मारला. त्यानं माझ्या रानात पाय ठेवला नाही, माझी कुठली वाट अडवली नाही. माझी विहीर मात्र आटली. मग मी सातशे मारतो. आमच्या जिल्ह्यात गावंच्या गावं अशी कोरडी झाली. हिवरे बाजारनं काय केलं? ग्रामसभेत ठरवलं, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. ही उघडी वाट बंद करणंच झालं, दादा. आणि त्यामुळंच तिथं पाणी आहे. हे दिल्लीनं केलं नाही, गावानं केलं, समोरासमोर बसून, हे मी मानतो. पण गावानं केलं म्हणून ते ‘सरकार’ नव्हतं का? आणि तळ्याकाठच्या ताईंची गावकीही गावच होती.

---

तळ्याकाठची

हाच प्रश्न मला रात्रभर छळेल. फरक मला असा दिसतो: हिवरे बाजारचा नियम सरपंचाच्या रानालाही लागू आहे. गावकीचा नियम फक्त माझ्या मावशीसाठी बनवला होता.

---

सान_होजेकर

ताई, हे तुमचं वाक्य मी लिहून घेतलं.

---

चाळकरी_निफाड

पाणलोटभाऊ, आमच्या शिवारातही बोअर सहाशेवर गेलेत. माझे स्वतःचे तीन आहेत, दोन कोरडे. तुम्हाला उत्तर द्यायच्या आधी मला गावात चार जणांशी बोलावं लागेल.

---

राळेगावची

एक शेवटचं लिहिते आणि थांबते. आमच्या गावात आम्ही बायांनी आडवी बाटली केली, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला मतदान घडवलं. गावातल्या एकूण बाया मतदारांपैकी अर्ध्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं, असा नियम आहे. नुसत्या आलेल्या मतांपैकी अर्ध्या नाही, एकूण मतदारांपैकी. म्हणून आम्ही म्हाताऱ्यांना खाटेवर घालून केंद्रावर नेलं. दुकान बंद झालं.

इथल्या हिशेबानं आम्ही दुकानदाराची वाट अडवली, आणि पिणाऱ्याचीही. माझा दीर आता अकरा किलोमीटरवरच्या गावाला जाऊन पितो. कधी तिथंच पडतो, कधी कुणीतरी गाडीवर घालून आणतं. जाऊ म्हणते, आधी रोज संध्याकाळी मार बसायचा, आता आठवड्यातून एकदा-दोनदा. पुन्हा मतदान झालं तर ती पुन्हा आडव्या बाटलीवरच शिक्का मारणार आहे. मीही.